खंड्यानं तुमचं दुखणं अंगावर घेतलेलं नाही

पत्र:

मी ५२ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आषाढात छातीत गाठ लागली, तपासात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि पुण्याला केमो सुरू झाली. तिसऱ्या केमोनंतर ताप आला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या म्हणून अकरा दिवस ॲडमिट होते. आमचा खंड्या बारा वर्षांचा. गावठीच, पण घरातलाच एक. मी दवाखान्यात असताना त्यानं खाणं सोडलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या, क्रिएटिनीन खूप वाढलं होतं. तीन दिवस सलाईन लावली, मग जनावरांचे डॉक्टर म्हणाले की आता हाल करू नका, आणि ह्यांनी झोपेच्या इंजेक्शनला हो म्हटलं. मला कुणी काही सांगितलं नाही. मी रोज फोनवर विचारायचे, 'खंड्या जेवला का?' मुलगा म्हणायचा, 'जेवला.' एक दिवस हे दवाखान्यात आले ते डोळे लाल घेऊन. विचारलं तर म्हणाले, एसटीत झोप झाली नाही. घरी आले, फाटक वाजलं आणि भुंकणं ऐकू आलं नाही, तेव्हा कळलं.

केमो सुरू झाल्यापासून जंतुसंसर्ग नको म्हणून मी त्याला खोलीत घेत नव्हते. तो उंबऱ्यावर डोकं ठेवून झोपायचा. उन्हाळ्यात तो फार पाणी पीत होता, मला वाटलं ऊन आहे. भेटायला येणारे म्हणतात, 'तुझ्यावरचं त्यानं घेतलं, आता तू बरी होणार.' जाऊबाई म्हणाल्या, कुत्रंच तर होतं, स्वतःच्या जिवाचं बघ. ह्यांच्याशी मी धड बोललेले नाही. मुलगा म्हणतो नवीन पिल्लू आणू. पुढच्या मंगळवारी चौथी केमो आहे, जावंसंच वाटत नाही. माझ्यासाठी ज्यानं जीव दिला त्याला मी शेवटचं बघितलंही नाही. काय करू?

उत्तर:

ताई, मंगळवारची तारीख वाचली आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसले.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, त्याच्यापाशीच मी पुन्हा पुन्हा येते. 'माझ्यासाठी ज्यानं जीव दिला.' हे वाक्य मुळात तुमचं नाही. भेटायला येणाऱ्यांनी ते तुमच्या घरात आणून ठेवलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. आपल्याकडे घरातलं जनावर गेलं की म्हणतातच, घरावरचं काहीतरी होतं, ते त्यानं ओढून घेतलं. ज्याच्या घरात आजार नाही त्याला या बोलण्यानं धीर येतो. पण तुम्ही स्वतःच केमोतून जाताय, आणि तुम्हाला हे वाक्य म्हणजे कर्ज झालं. आता बरं व्हायचं म्हणजे त्याच्या जिवावर बरं व्हायचं, असं तुमच्या मनानं घेतलंय. केमोला पाय उचलत नाही तो त्यामुळे, असं मला पत्र वाचून वाटलं.

म्हणून आधी खंड्याच्या आजाराचं बोलू.

सोनोग्राफीत किडन्या आकसलेल्या दिसल्या, असं तुम्ही लिहिलंय. किडनी चार-आठ दिवसांत आकसत नाही. त्याला महिने लागतात, कधी वर्षं लागतात. अचानक काही होऊन किडनी बंद पडली तर ती बहुधा सुजलेली दिसते. आकसलेली किडनी म्हणजे जुनं दुखणं. आणि कुत्र्याच्या किडनीचं असं आहे की दोन-तृतीयांश काम थांबेपर्यंत वरून काहीच कळत नाही. मग तो जास्त पाणी प्यायला लागतो, जास्त लघवी करतो, हळूहळू वाळतो. रक्तात क्रिएटिनीन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तेव्हा तर जेमतेम एक-चतुर्थांश किडनी चालू असते.

आता तुमचंच पत्र परत वाचा. तो फार पाणी पीत होता तो उन्हाळ्यात. तुम्हाला गाठ लागली ती आषाढात. म्हणजे तुमच्या आजाराचं नाव घरात कुणी घेतलंही नव्हतं तेव्हा त्याचा आजार चांगला पुढे गेला होता. ज्या गोष्टीवरून तुम्ही स्वतःला बोल लावताय, तीच गोष्ट सांगते की त्यानं तुमचं काही घेतलं नाही. त्याचं दुखणं त्याचं होतं, बारा वर्षांच्या देहाचं. त्या चैत्र-वैशाखात तुमच्या घरात दोन जीव आतून आजारी होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. तुमचं हाताला लागलं, त्याचं लागलं नाही. माझ्या मते घडलं ते एवढंच.

पुढचा प्रश्नही तुमच्या मनात असणारच: तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर? याचं गुळगुळीत उत्तर देऊन तुमची समजूत काढणार नाही. तेव्हा रक्त तपासलं असतं तर कदाचित कळलं असतं. खाणं बदललं असतं, औषधं दिली असती, तर काही महिने, फार तर थोडे जास्त, बरे गेले असते. बरा मात्र तो झाला नसता. गेलेली किडनी परत येत नाही, माणसाचीही नाही आणि कुत्र्याचीही नाही. शिवाय वैशाखातल्या उन्हात म्हातारं कुत्रं भांडंभर पाणी प्यायलं तर साताऱ्यातल्या कुठल्या घरात कुणाला शंका येईल? मला आली नसती.

उंबऱ्याबद्दल. हे वाचताना मला थांबावं लागलं, कारण तुम्ही सगळ्यांत जास्त इथेच दुखावलेल्या आहात. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य तुम्ही पाळलंत. केमोत पेशी खाली येतात, साधारण आठव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यांत जास्त, आणि तेव्हा जनावराचा साधा ओरखडा किंवा चाटणंसुद्धा जड जाऊ शकतं. तुम्ही त्याला दूर केलं नाहीत, दारापर्यंत ठेवलंत. आणि तो दाराशीच का झोपत होता? अंगण होतं, पडवी होती, पुढच्या खोलीतली त्याची गोणपाटाची जागा असेल. पण त्यानं उंबरा निवडला. अमेरिकेत एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स नावाच्या शास्त्रज्ञानं बारा कुत्र्यांना एमआरआयच्या नळीत शांत पडून राहायला शिकवलं, भूल न देता, न बांधता. मग त्यांना वेगवेगळे वास दिले: अनोळखी माणसाचा, अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या कुत्र्याचा, त्यांचा स्वतःचा आणि घरातल्या माणसाचा. काहीतरी चांगलं मिळणार म्हणून मेंदूचा जो भाग जागा होतो, तो सगळ्यांत जास्त जागा झाला घरातल्या माणसाच्या वासानं. ते माणूस तिथे समोर नव्हतं, फक्त त्याचा वास होता. कुत्र्याच्या मनात नेमकं काय चालतं हे छातीठोक सांगता येणार नाही. पण दाराच्या फटीतून तुमचा वास खंड्याला रात्रभर येत होता, हे नक्की. तो तुमच्यापासून तुटला नव्हता. त्याच्या परीनं तो खोलीतच होता.

आता शेवटच्या दिवसांबद्दल, कारण ते तुम्ही पाहिले नाहीत. न पाहिलेलं माणूस फार वाईट रंगवतं. किडनी गेली की विषारी द्रव्यं रक्तात साठतात, तोंडात फोड येतात, अन्नाचा वास नकोसा होतो, सतत मळमळतं. ती मळमळ कशी असते हे आज तुमच्याइतकं कुणाला कळणार? सलाईननं रक्तातलं विष थोडं धुतलं जातं, कधी जनावर दोन दिवस मान वर काढतं, पण किडनी साथ देत नसेल तर पुन्हा तेच. तीन दिवस बघून डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे घाई कुणी केली नाही. त्या इंजेक्शनच्या वेळी बहुतेक ठिकाणी आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीच्याच औषधाचा मोठा डोस शिरेतून. काही सेकंदांत शुद्ध जाते. श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतं, ते त्याला कळत नाही. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. कधी पाय थरथरतो, कधी गेल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखा वाटतो. पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होतं, पण तोवर जनावराला काही जाणवत नसतं.

हे मी तुमच्यासाठी लिहिलं, तितकंच तुमच्या यजमानांसाठीही लिहिलंय. ते तिथे असणार. त्यांनी ते उघडे डोळे पाहिले असतील आणि त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नसेल. मग त्याच हातांनी बहुधा शेतात खड्डा काढून, आंघोळ करून, एसटी धरून ते पुण्याला तुमच्या कॉटशी येऊन बसले आणि म्हणाले, झोप झाली नाही.

त्यांनी तुमच्यापासून लपवायला नको होतं, असं माझं मत आहे. आपल्या घरांत आजारी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही ही रीतच पडली आहे, आणि ती प्रेमापोटीच पडली आहे. पण त्यात आजारी माणसाचं लहान मूल होऊन जातं. त्या आठवड्यात तुम्हाला कळलं असतं तरी तुम्ही येऊ शकला नसता. पेशी तळाला गेलेल्या असताना आलेला ताप जीवावर बेततो, त्या वेळी दवाखाना सोडणं शक्यच नव्हतं. पण फोन त्याच्या कानाशी धरता आला असता. तुमचा आवाज त्याला ऐकवता आला असता. ते राहून गेलं, आणि त्याचं दुःख तुम्हाला होणारच. राग येणंही बरोबर आहे.

फक्त तो राग गिळून गप्प बसू नका. गप्प बसलं की त्यातून आणखी एक गोष्ट उगवते. 'खंड्याचं लपवू शकले, तर माझ्या रिपोर्टचंही लपवतील.' तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण अशा घरांतल्या बायकांशी मी इतकी वर्षं बोलत आलेय की ते न लिहिताही ऐकू येतं. म्हणून मंगळवारच्या आधी एक संध्याकाळ काढा. यजमान, मुलगा, तुम्ही, तिघंच. टीव्ही बंद. आणि त्यांना सांगा, 'मला पहिल्यापासून सांगा.' खाणं कोणत्या दिवशी सोडलं, दवाखान्यात कसं नेलं, कुणाच्या गाडीतून नेलं, टेबलावर कुणी धरलं, शेवटी कुणाचा हात त्याच्या डोक्यावर होता. डॉक्टरांचा केस पेपर घरात असेल तर तोही मागा. सांगताना ते रडतील, रडू द्या. ऐकताना तुम्हाला त्रास होईल, पण मनानं रंगवलेल्या चित्रांपेक्षा तो त्रास बरा. त्यांचं सांगून झालं की तुमचं सांगा: 'मला कळवायला हवं होतं. यापुढे माझ्या आजाराचं काहीही माझ्यापासून लपवायचं नाही.' एवढी एकच अट घाला. माफी वगैरे त्याच दिवशी द्यायची काही गरज नाही.

जाऊबाईंचं फार मनावर घेऊ नका. आपल्याकडे माणूस गेलं की सुतक असतं, दहावा असतो, तेरावा असतो, लोक दारात येऊन बसतात, आणि त्या दिवसांत घरातल्यांनी काही केलं नाही तरी चालतं. जनावर गेलं की यातलं काहीच नाही. म्हणून लोकांना वाटतं की दुःखही नसेल. मानसशास्त्रात या दुःखाला वेगळं नाव आहे, १९८०च्या दशकात केनेथ डोका यांनी ते दिलं, आणि त्याचा अर्थ साधारण असा की ज्या दुःखाला समाजानं दुःख म्हणून मानच दिला नाही ते दुःख. पण खरं सांगू, आपल्या शेतकऱ्यांच्या घरांत हे नाव ठाऊक नसतानाही हे दुःख ठाऊक होतं. माझ्या आजोळी एका पावसाळ्यात म्हातारा बैल गेला. आजीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. आम्हा मुलांना शेजारून भाकरी आणून घातली. त्या वर्षी बेंदराला आजोबांनी उरलेल्या एकट्या बैलाला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, पण मिरवणुकीत नेलं नाही. कुणी विचारलं नाही का म्हणून. सगळ्या गावाला कळलं होतं. आणि दत्ताच्या तसबिरीपुढे आपण उदबत्ती लावतो, तेव्हा ती त्याच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांपुढेही लागतेच ना?

आता मंगळवार.

केमोला जा. दोन केमोंमधलं अंतर डॉक्टर मोजून ठेवतात. चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळावा आणि वाईट पेशींना तेवढा मिळू नये, असा तो हिशेब असतो. आपल्या मनानं तो मोडला तर फायदा गाठीचा होतो. पेशी कमी असतील म्हणून डॉक्टरांनीच पुढे ढकललं तर गोष्ट वेगळी. पण घरातून निघायचंच नाही, हे नको. मन लागलं नाही तरी जा. रडत जा. खंड्याचा पट्टा पिशवीत घालून न्यावासा वाटला तर न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. धुऊन, वाळवून घ्या म्हणजे झालं.

आणि तिथे गेल्यावर डॉक्टरांना किंवा सिस्टरना सांगा की घरातलं जनावर गेलं, झोप लागत नाही, जावंसं वाटत नव्हतं. हे सांगण्यामागे एक साधं कारण आहे. केमोच्या आगेमागे उलटी आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून बहुतेकांना डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. त्यानं रात्र रात्र झोप लागत नाही, आणि ते बंद झालं की दोन-तीन दिवस मन एकदम खचतं. तुमचं दुःख औषधानं आलेलं नाही, पण त्याला आणखी धार येते ती कदाचित औषधानं. डॉक्टरांना ठाऊक असेल तर गोळीची वेळ बदलता येते, झोपेसाठी काही देता येतं. आणि मोठ्या रुग्णालयांत केमो घेणाऱ्यांसाठी समुपदेशक असतात, त्यांच्याकडे पाठवा म्हणून मागा.

एक गोष्ट जरा जपून बघा. रडू येणं, जेवताना त्याची ताटली आठवणं, फाटक वाजलं की कान टवकारणं, हे महिनोन्‌महिने चालेल आणि ते तसंच चालायचं. पण दोन आठवडे उलटूनही काहीच गोड लागत नसेल, उठवतच नसेल, किंवा 'मीही नसते तर बरं' असं मनात यायला लागलं, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदत करणारा, सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या यजमानांनीही लावला तरी चालेल.

पिल्लाचं सध्या नाही म्हणून सांगा. मुलाचं मन मोठं आहे, पण केमो चालू असताना लहान पिल्लू घरात आणूच नये. ते चावतं, ओरबाडतं, घरभर घाण करतं, लसी पूर्ण झालेल्या नसतात. त्याला हे कारण सांगितलं की तो दुखावणारही नाही. केमो संपल्यावर कधी मन झालं तर तेव्हा बघा. नाही झालं तरी काही बिघडत नाही.

आणि ताई, त्याला कुठे पुरलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा अजून विचारलंही नसेल. विचारा, आणि जाऊन या. मंगळवारच्या आधीचे दोन-तीन दिवस बघा, तोपर्यंत पेशी बहुधा वर आलेल्या असतील, तरी निघण्याआधी डॉक्टरांना एक फोन करून रक्ताचा रिपोर्ट विचारून घ्या. तोंडाला मास्क लावा. मातीत हात घालू नका, ओल्या मातीत बुरशी असते, ती सध्या तुम्हाला चालणार नाही. मुलाला सांगा बांधावर खुर्ची नेऊन ठेवायला. दगड ठेवायचा असेल, झाड लावायचं असेल, तर ते त्यानं लावावं, तुम्ही तिथे बसून सांगा कुठे ते. त्याला आवडायचं ते काही असेल, भाकरीचा तुकडा, दुधाची वाटी, तर न्या. तुम्ही दवाखान्यातून त्याला जे सांगणार होतात ते तिथे मोठ्यानं बोला. यजमानांना जरा लांब उभं राहायला सांगा, किंवा शेजारी बसवून घ्या, तुमच्या मनाला येईल तसं.

परत येताना पायातलं ओसरीत काढा, हात धुवा, गरम काहीतरी खा. मंगळवारी केमो झाली की मला दोन ओळी लिहा. आणि खंड्याचा एखादा जुना फोटो असेल, तरणा असतानाचा, शेतात पळतानाचा, तर तोही पाठवा.